मिरग आणि बाकीचं आकाश

केरीच्या एका बाईचा आवाज आज आपल्यापासून सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे. फोंड्याची केरी हं. सत्तरीची नव्हे आणि पेडण्याचीही नव्हे. गोव्यात केरी तीन आहेत आणि प्रत्येक केरीकराला बाकीच्या दोन दुय्यम वाटतात. ही बाई म्हणजे गायिका केसरबाई केरकर. त्यांचा जन्म १८९२ चा, या फोंड्याच्या केरीतला. १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन अमेरिकन अंतराळयानं सुटली. त्या दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे आणि तिच्यात बाख, बीथोव्हेनच्या पंगतीला केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

तबकडीवर संगीताखेरीज पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत. सुमेरियन, अक्केडियन अशा बोलणारं कुणी न उरलेल्या भाषा त्यात आहेत, पोर्तुगीज आहे, कन्नड आहे, गुजराती आहे. मराठीही आहे, पृथ्वीवरचे लोक तुम्हाला शुभविचार पाठवत आहेत, अशा अर्थाचं एका बाईंच्या आवाजातलं बोलणं. कोकणी मात्र नाही. म्हणजे गोव्याचा गळा गेला आणि गोव्याची बोली मागे राहिली. आमच्याकडे पाहुण्यांत कोकणी-मराठीचा वाद पेटला की मी हा मुद्दा मध्ये टाकते आणि चहा आणायच्या निमित्तानं आत जाते.

हे नमस्कार बोलणारे कुणी अंतराळवाले नव्हते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात आणि आसपास त्या त्या भाषेचं जे माणूस सापडलं, त्याला बोलावून घेतलं होतं. सूचना एवढीच की थोडक्यात बोला, आणि ऐकणारा पृथ्वीबाहेरचा असू शकतो. ऐकणारा कोण, त्याला काय ठाऊक आहे, त्याला कान आहेत की नाहीत, काही माहीत नसताना बोलायचं. मला ही माणसं माझ्या धंद्यातली वाटतात. धंदा म्हणायचं ते आपलं सवयीनं, कारण यात दमडी मिळत नाही. त्यांनी इथलं तिकडे पाठवलं, मी तिकडचं इथे आणते. खगोलशास्त्राच्या बातम्या, मुलांसाठीचे छोटे लेख, चित्रांखालच्या ओळी, चित्रफितींखालचा मजकूर, असं जे जे येईल ते रात्री जेवणं आटोपल्यावर मराठीत उतरवायचं.

अशी माणसं जगभर आहेत आणि बहुतेक एकमेकांना कधी भेटत नाहीत. नेमिरॉफ आणि बॉनेल या दोन खगोलशास्त्रज्ञांनी १६ जून १९९५ ला रोज एक खगोलचित्र आणि खाली चार ओळींची माहिती द्यायला सुरुवात केली. ते अजून रोज चाललं आहे, आणि त्या चार ओळी आपापल्या भाषेत आणणारे लोक चेक, अरबी, कातालान, इंडोनेशियन अशा भाषांत बसून आहेत. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची स्थापना १९१९ ची. त्याचं लोकांपर्यंत विज्ञान नेणारं कार्यालय जपानात टोकियोला आहे आणि तेही भाषांतर करणाऱ्यांचं एक जाळं सांभाळतं. स्टेलॅरियम नावाचं फुकट मिळणारं आकाशदर्शनाचं सॉफ्टवेअर तुमच्यापैकी कित्येकांनी मुलांना लावून दिलं असेल. त्यातलं ‘क्षितिज’ आणि ‘उदय’सुद्धा कुणीतरी फावल्या वेळात बसवलेलं असतं.

काम कसं चालतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं शब्दकोश घेऊन बसलं की झालं. मजकूर बहुतेक वेळा इंग्रजीत येतो. एकानं उतरवायचा, दुसऱ्यानं तपासायचा. तपासणारा शक्यतो भौतिकशास्त्र शिकलेला. मोठी बातमी असेल तर वेळ बांधून दिलेली असते: अमक्या दिवशी अमक्या वाजता, त्याआधी ब्र काढायचा नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणालाही पत्ता नसताना आपल्याला एका कृष्णविवराची खबर दोन दिवस आधी असते, आणि ती पोटात ठेवून चवळीचा भाव करायचा असतो. पगार नसलेल्या कामात एवढी मजा पुरते.

गोव्यात या कामाचा हंगाम म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर आकाश बंद. दुर्बिणी पेटीत, भिंगांना बुरशी लागू नये म्हणून सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि बाहेर कौलांवर धोधो. वीज जाते, येते, परत जाते. लॅपटॉपची बॅटरी असेतो शनीचे चंद्र उतरवायचे.

हे सगळं लिहिताना डोळ्यांपुढे कोण असतं, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्या भाषांतर करणाऱ्यांच्या गटातल्या एकाच्या डोळ्यांपुढे नववीतला मुलगा असतो, एकाच्या डोळ्यांपुढे परीक्षक. माझ्यापुढे माझी मावशी असते. ती सत्तरी तालुक्यात राहते. गोवा मुक्त झाल्यानंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं गावोगाव ज्या मराठी प्राथमिक शाळा काढल्या, त्यातल्या एका शाळेत ती चौथीपर्यंत शिकली. घरात कोकणी, तीही सत्तरीच्या वळणाची. वर्तमानपत्र मराठी. भजन मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, भांडण कोकणी. गोव्याबाहेरच्या मराठी माणसाला हे सांगितलं की तो विचारतो, मग तुमची मातृभाषा कुठली? १९८७ च्या राजभाषा कायद्यानं कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीलाही सरकारी कामात वापरायची मुभा ठेवली. त्या वादात मी इथे शिरत नाही. शिरलेले अजून बाहेर आलेले नाहीत.

मावशीच्या आणि आजच्या मुलांच्या शाळेत एक गोष्ट मात्र बदललेली नाही. गोव्यातली पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकतात आणि पाचवीत इंग्रजीत जातात. विज्ञान नावाचा विषय खऱ्या अर्थानं सुरू होतो नेमका तेव्हाच पायाखालची भाषा काढून घेतली जाते. मावशी त्या उंबऱ्याच्या अलीकडे राहिली, माझी भाची पलीकडे गेली. भाचीला ग्रॅव्हिटीची व्याख्या पाठ आहे. चंद्र खाली का पडत नाही हे तिनं कधी विचारलेलं मला आठवत नाही. मावशीनं विचारलं आहे. दोनदा, कारण पहिल्या उत्तरानं तिचं समाधान झालं नव्हतं.

मला या कामातून जे कळलं ते एवढंच आहे. आपण म्हणतो की विज्ञान आपल्या भाषेत आलं की लोकांना समजतं. समजतं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लोक शंका घ्यायला लागतात. इंग्रजीत ऐकलेल्या गोष्टीला आमच्याकडे मान डोलावतात. शिकलेल्यांचं काहीतरी असेल, आपण कशाला मध्ये बोला. तीच गोष्ट मराठीत वाचून दाखवली की पाट ओढून बसतात आणि म्हणतात, थांब, हे कसं काय?

आकड्यांचंच घ्या. इंग्रजी मजकुरात सगळं बिलियन आणि ट्रिलियनमध्ये असतं. आमच्यात यावर बरीच खडाजंगी झालेली आहे. काहींना अब्ज, खर्व असे शब्द हवे असतात. ते देखणे आहेत, पण ऐकणाऱ्याच्या मनात त्यांना आकार नाही. मी लाख-कोटीवाली. एक प्रकाशवर्ष म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. कोटी गोव्यात सगळ्यांना कळतात. २०१२ मध्ये खाणींवरचा शहा आयोगाचा अहवाल आला आणि ३५ हजार कोटी रुपयांच्या नुकसानीचा आकडा महिनोन्‌महिने प्रत्येक तिठ्यावर चघळला गेला, तेव्हापासून तर जास्तच. मी मावशीला विश्वाचं वय वाचून दाखवलं. तिनं चष्मा वर केला आणि म्हणाली, “इतलेंच?”

मग तासभर आम्ही रुपये आणि वर्षं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत यावर बोललो. तो तास मी केलेल्या कुठल्याही भाषांतरापेक्षा चांगला गेला.

मिरगाची गोष्ट यातलीच. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघावर एक लेख उतरवायला आला होता. सुमारे १,३४० प्रकाशवर्षांवर वायू आणि धुळीचा प्रचंड ढग, त्यात नवे तारे जन्मताहेत, अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनीही धूसर ठिपका दिसतो. इंग्रजीत ओरायन होतं, मी मृग लिहिलं, जसं आपल्याकडे लिहितात. मावशी म्हणाली, “मिरग? तो पावसांत न्हय?” तिच्या लेखी मिरग ही आकाशातली वस्तूच नव्हती. मिरग म्हणजे जूनचा पहिला आठवडा, पहिली सर, ओल्या मातीचा वास, नांगर, पेरणी. आजन्म ज्याच्या नावावर शेती केली तो वर कुठे असतो, हा प्रश्न पडायला कारणच नव्हतं, कारण जूनमध्ये वर ढगच.

कारण समजावून सांगायला सोपं आहे आणि अंगणात बसून सांगायला तर फारच. ७-८ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात जातो. म्हणजे पृथ्वीवरून बघताना मृगाचे तारे सूर्याच्या पाठीमागच्या बाजूला, दिवसा त्याच्याबरोबरच उगवतात आणि त्याच्याबरोबरच मावळतात. ढग नसते तरी दिसले नसते. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या अंगाला जाते, आणि डिसेंबर-जानेवारीत दिवेलागणीनंतर तोच मृग पूर्वेकडून वर येतो: चार खुरांचे चार तारे, मधोमध तीन ताऱ्यांचा बाण, आणि मागे व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. मी जानेवारीत सत्तरीला गेले तेव्हा आम्ही खळ्यात उभं राहून बघितला. मांडवीवरच्या कॅसिनोंचा उजेड तिथवर पोचत नाही. मावशीनं बराच वेळ बघितलं आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली की हा हिवाळ्यात एवढा मोकळा दिसतो, मग जूनला त्याचं नाव का? मी परत सूर्याची गोष्ट सांगितली. या वेळी तिनं चुलीतलं लाकूड घेऊन जमिनीवर स्वतः रेघ मारली: सूर्य इथे, आपण इथे, मिरग पलीकडे. बरोबर होती.

आता अडचण अशी की यातलं काहीही मूळ लेखात नव्हतं. पेरणी नव्हती, सूर्याचं मृगात जाणं नव्हतं. मी ते दोन वाक्यांत घातलं आणि तपासणाऱ्यानं छाटलं. भाषांतरकारानं भर घालायची नाही, हा नियम. मी चिडले नाही, कारण नियम योग्य आहे. प्रत्येकानं आपापल्या मावशीसाठी दोन वाक्यं वाढवायची म्हटली तर मूळ लेखिकेचं त्यात काय राहील? पण मनात ते अडकून राहिलं.

मग मला ठिकठिकाणी तेच दिसायला लागलं. युरोपातल्या लेखात उन्हाळ्याच्या रात्री दिसणारे तारे म्हणून श्रवण, अभिजित, हंस यांचं कौतुक असतं. त्यांचा उन्हाळा म्हणजे आमचा जुलै, छत्री उलटी करणारा. त्यांचा ध्रुव उंच असतो. पणजीचा अक्षांश साडेपंधरा, म्हणून आमचा ध्रुव क्षितिजापासून साडेपंधरा अंशांवर, पुढे माड आला की संपलंच. उलट अगस्ती आमच्याकडे दक्षिणेला छान वर येतो, एप्रिल-मेमध्ये समुद्रावरून त्रिशंकूचे तारेही दिसतात, आणि हे जर्मनी-पोलंडच्या लेखकाला कधी दिसलेलंच नसतं, मग तो लिहील कसं? मी इतके दिवस प्रामाणिकपणे, शब्दाला शब्द जागून, दुसऱ्याच्या अंगणातलं आकाश मराठीत आणत होते.

यात त्यांचा दोष काढण्यासारखं काही नाही. दोष असलाच तर वाहतूक एकेरी असण्याचा. आमच्याकडे येतं, आमच्याकडून जात नाही.

गोव्याला ही एकेरी वाहतूक नवी नाही. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट इथे आला, इथली भाषा शिकला आणि नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांना आपल्या भाषेत वाचायला काही हवं म्हणून त्यानं ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली. ती १६१६ मध्ये राशोलला छापली गेली, रोमन लिपीत. परकी गोष्ट आपल्या सुरात आणायचं काम म्हणून ते आजही थक्क करतं. मिशनऱ्याचा हेतू लपलेला नाही, पण ओवी निवडण्याइतका ऐकणाऱ्याचा कान त्याला होता. आणि मग १६८४ मध्ये त्याच पोर्तुगीज राजवटीच्या व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की लोकांनी ठरावीक मुदतीत इथली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. आधी तुमच्या भाषेत येऊन सांगायचं, मग तुमची भाषाच काढून घ्यायची. फर्मान निघालं, माणसं चुलीपाशी बोलत राहिली. म्हणून तर मावशी आज “इतलेंच?” म्हणू शकते.

या संदर्भात मला शॅरन यलोफ्लाय यांची गोष्ट नेहमी आठवते. ११ फेब्रुवारी २०१६ ला गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा झाली. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर, आणि त्यातून उठलेली अवकाशाची थरथर १४ सप्टेंबर २०१५ ला लायगो या अशाच लहरी टिपणाऱ्या प्रकल्पाच्या अमेरिकेतल्या दोन वेधशाळांत टिपली गेली होती. ही बातमी एकाच वेळी पुष्कळ भाषांत द्यायचं ठरलं होतं. वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डच्या वेधशाळेत कोरी ग्रे नावाचे गृहस्थ काम करतात. त्यांनी आपल्या आईला विचारलं, तू आपल्या ब्लॅकफूट भाषेत करशील का? त्या म्हणजे शॅरन यलोफ्लाय. कॅनडातल्या आणि अमेरिकेतल्या त्या मूळ रहिवाशांच्या मुलांना एकेकाळी अशा निवासी शाळांत घातलं जाई, जिथे त्यांची भाषा तोंडातून निघाली की शिक्षा होई. शॅरन त्याच पिढीच्या. त्यांनी ते काम केलं. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या सिद्धांताला त्यांनी जे नाव दिलं, त्याचा अर्थ होतो ‘सुंदर लागवड’.

तपासनीस म्हणून माझ्याकडे ते आलं असतं तर मी लाल रेघ मारली असती. सापेक्षता कुठे, लागवड कुठे! पण ज्या वाचकासाठी ते होतं त्याला एवढं नक्की कळलं असेल की कुणीतरी एक विचार पेरला आणि त्याचं पीक शंभर वर्षांनी आलं. आइन्स्टाइननं या लहरींचं भाकीत १९१६ मध्ये केलं होतं. तेव्हा रेघ मारायच्या आधी मी हल्ली थोडी थांबते.

लायगोचं भारतातलं केंद्र मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभं राहणार आहे. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या. शेजारच्या शेतकऱ्याला हे काय चाललंय ते कोण सांगणार, हा प्रश्न मला त्या नळ्यांइतकाच लांबलचक वाटतो. सांगणारे आहेत, हेही खरं. पण जगभर चित्र असं दिसतं की दुर्बिणीला पैसा असतो आणि तिनं काय पाहिलं ते लोकांच्या भाषेत सांगायला असतो तो स्वयंसेवक. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीवर सुमारे एक हजार कोटी डॉलर खर्च झाले. त्यातला अगदी चिमूटभर भाग भाषांतरावर पडला असता तर काय झालं असतं, असा हिशेब मी कधीकधी करते आणि मग लॅपटॉप उघडून कामाला लागते. फुकट काम करणाऱ्याला फार हिशेब परवडत नाहीत. फुकट कामाचं आणखी एक असतं: ते अर्धवट राहतं. कुणाचं लग्न होतं, कुणाची बदली होते, कुणाला मूल होतं, आणि त्या भाषेतला मजकूर जिथल्या तिथे थांबतो.

आता यंत्रं आली आहेत. पहिला खर्डा त्यांच्याकडून मिळतो आणि तो वाईट नसतो. निदान शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं असतं. फक्त त्याची मराठी कुठल्याही गावची नसते. आणि यंत्र कधी “इतलेंच?” म्हणत नाही.

खरं भाषांतर कागदावर होतच नाही, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. ते होतं दुर्बिणीपाशी. पणजीत जुंता हाऊसच्या गच्चीवर असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी या हौशी मंडळींच्या वेधशाळेत रांगेत उभं राहून कित्येक गोवेकरांनी शनीची कडी पहिल्यांदा पाहिली. अशा रांगेत एक मराठी बोलतं, मागचा कोकणी, त्याच्या मागे साष्टीची बाई रोमी, म्हणजे रोमन लिपीत कोकणी वाचणारी, मध्येच दिल्लीचं जोडपं. दुर्बिणीपाशी उभा असलेला मुलगा एकच गोष्ट चार तोंडांनी सांगतो आणि प्रत्येक वेळी ती थोडी वेगळी निघते. २०२५ मध्ये तर शनीनं सगळ्यांची पंचाईत केली. दर पंधरा वर्षांच्या आसपास त्याची कडी आपल्याला बरोबर काठावरून दिसतात. रुंदी लाखो किलोमीटर असली तरी जाडी अगदीच कमी, त्यामुळे ती जवळजवळ दिसेनाशी होतात. मार्चमध्ये तसं झालं, आणि पावसाळा संपून दुर्बिणी बाहेर आल्या तेव्हाही कडं म्हणजे नुसती रेघ होती. अशाच एका आकाशदर्शनाला एका लहान मुलीनं दुर्बिणीतून बघितलं आणि वळून सरळ विचारलं, “काका, कडी खंय?” पुस्तकात होती ना! काकांनी खिशातून बसचं तिकीट काढलं, तिच्यापुढे आडवं धरलं, मग कडेनं धरलं. ती परत भिंगाला डोळा लावून म्हणाली, हां, आहे. त्या तिकिटावर एक अक्षरही विज्ञानाचं नव्हतं.

जयंत नारळीकरांची आठवण इथे काढायलाच हवी. ते २०२५ च्या मे महिन्यात गेले. सत्तरच्या दशकात मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावानं गोष्ट पाठवली होती. आपली आद्याक्षरं उलटी करून बनवलेलं नाव. गोष्ट कृष्णविवराची होती आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. जगातल्या कुठल्याही नियतकालिकात इंग्रजीत लिहू शकणारा माणूस नाव लपवून मराठीत स्पर्धेला उतरतो. भाषांतर नव्हे, विचारच मराठीत. एकेरी वाहतुकीवर मला दुसरा उपाय दिसत नाही.

म्हणून मी छाटलेली वाक्यं वेगळ्या वहीत ठेवू लागले आणि त्यातून छोटे छोटे मूळ लेख लिहू लागले. एक लिहिला शून्य सावलीच्या दिवसावर. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात वर्षातून दोनदा सूर्य भर मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. पणजीत हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि परत ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, तेव्हा बहुधा ढग असतात. वेळ बारा नव्हे, साडेबाराच्या जराशी पुढे. आपलं घड्याळ अलाहाबादजवळच्या, म्हणजे आताच्या प्रयागराजजवळच्या रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. युरोपात हा दिवस कधीच येत नाही, म्हणून युरोपातून येणाऱ्या मजकुरात तो नसतो.

तो लेख गटातल्या एकानं इंग्रजीत नेला, आणि उत्तर नॉर्वेतल्या एका स्वयंसेविकेनं आपल्या भाषेत न्यायला घेतला. तिच्याकडे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, पण डोक्यावरही कधी येत नाही. सावली कायम लांब. तिनं विचारलं: मे आणि ऑगस्टच्या मधल्या दिवसांत तुमची दुपारची सावली कुठे पडते? उत्तर गणितानं मला ठाऊक होतं. त्या काळात सूर्य मध्यान्ही आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, तेव्हा सावली दक्षिणेला. पण तिला कुणीतरी डोळ्यांनी बघितलेलं हवं होतं.

मावशीला फोन केला. तिला विचार करावा लागला नाही. मे सरता सरता घराच्या दक्षिणेच्या भिंतीलगत भर दुपारी हातभर सावली येऊन बसते, म्हणून त्या अंगाला सोलं वाळत घालायची नाहीत, हे तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं. हिवाळ्यात तीच भिंत दिवसभर उन्हात, तेव्हा तिथे काहीही घाला. मी भिंतीच्या उंचीवरून हिशेब करून पाहिला: मेअखेरीला कौलांपर्यंत चार मीटर धरले तर सावली जेमतेम अर्धा मीटर. हातभरच.

मी हे इंग्रजीत करून नॉर्वेला पाठवलं, मावशीच्या सासूच्या उल्लेखासकट. दुसऱ्या दिवशी उलट टपाली तीन प्रश्न आले. पहिला, ही गोष्ट लेखात घालू का. दुसरा, पावसाळा लवकर आला तर त्या आठवड्यात वाळवणाचं काय करतात. तिसरा, सोलं म्हणजे काय.

पहिल्या दोनांची उत्तरं देऊन झाली आहेत. तिसऱ्यावर मी कोकमाच्या फळापासून आमटीपर्यंत पानभर लिहिलं, तरी तिला नीट उलगडा झालेला नाही. मावशीचं म्हणणं, लिहीत काय बसलीस, पार्सल कर.